डालड्याच्या डब्यातली तुळस

मित्रांनो, आज सकाळी नातीला खोकला झाला म्हणून शेजारच्या वहिनींकडे तुळशीची पानं मागायला गेलो. "मागता काय काका, हवी तेवढी खुडा," त्या म्हणाल्या. कुंडीपर्यंत गेलो, पण हात पुढे होईना.

सत्तरच्या दशकात मी कॉलेजात होतो. कर्जतजवळच्या आमच्या गावात आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी आईने मागच्या दारी डालड्याच्या डब्यात तुळस लावलेली. मी ती उपटली.

"अरं, मी काय पूजा करते तिची?" आई म्हणाली. "खोकल्याला हाय ती. कोऱ्या चहात घालाया हाय."

मी तिला स्वाभिमानावर भाषण दिलं.

त्या थंडीत धाकटी बहीण खोकून बेजार झाली. आई मला न सांगता वरच्या आळीत गेली. शोधत गेलो, तर ती एका अंगणाबाहेर पदर पसरून उभी होती. घरातली बाई शिवाशिव नको म्हणून वरूनच पानं टाकत होती.

घरी येऊन आईने आलं-गूळ घालून काढा उकळला. मला एवढंच म्हणाली, "आपली होती तवा कुनाकडं जावं लागत नव्हतं रं."

बौद्ध असल्याचा मला आजही अभिमान आहे. पण आईला त्या अंगणाबाहेर मी उभं केलं, आणि ती असेपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोललो नाही.

शेवटी वहिनींनीच पानं खुडून माझ्या हातात ठेवली.

तुमच्यापैकी कुणी आईची माफी वेळेवर मागितली आहे का? सुरुवात कशी केलीत?