कुठं चालल्या, काकू?

मनीषनगरातल्या आमच्या समोरच्या काकू साठीच्या आहेत. त्यांच्या फाटकाची कडी वाजली की गल्लीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "कुठं चालल्या, काकू?" बहुतेक वेळा मीच. त्या चिडतात. "काहून? सगळ्यायले सांगूनच जाऊ का?" म्हणतात, आणि तरीही सांगतात.

मागच्या हिवाळ्यात पाठीवर सॅक अडकवून त्या एकट्याच इस्तंबूलला गेल्या. पोचल्या पोचल्या त्यांचा फोन आला. "इथं कोणीच विचारत नाही वं! बोटीत बसून नुसती फिरून राहिली मी." आवाज शाळा बुडवलेल्या मुलीसारखा. दोन-तीन दिवसांनी तो जरा उतरला होता. "हॉटेलातल्या पोरीले रोज सांगून निघतो मी, आपल्याच भाषेत. ती बिचारी मान हलवते."

त्यांचा तो पहिल्या फोनवरचा आवाज माझ्या कानात राहिला होता. त्या परत आल्यावर मी ठरवलं, आता विचारायचं नाही. सकाळी कडी वाजली, काकू पिशवी घेऊन निघाल्या. तोंडाशी आलेला प्रश्न गिळून मी कुंड्यांना पाणी घालत राहिले. काकू थोड्या पुढे गेल्या, थांबल्या आणि माझ्या फाटकापाशी परत आल्या.

"काहून वं," त्या रागावूनच म्हणाल्या, "तू पण विचारत नाही आता?"