लॅपटॉप उन्हात नेऊन पायला

बायांनो, आज अकोल्यात जठारपेठेच्या एका दुकानात सारे माह्यावर हसले. आयका, मग तुमीच सांगा कोण येडं.

माही नात श्वेता नर्सिंग शिकते. आमच्या गावात घरात नेट येत नाही, फक्त ओट्यावर येते. म्हणून तिचा अभ्यास भर उजेडात. यंदा कापूस अर्धाच झाला, तरी लॅपटॉप घ्याचं ठरलं. एकदाच घेणार, चुकला तर दुसरा नाही.

दुकानदारानं आरशासारख्या चमकणाऱ्या पडद्याचा काढला. "आजी, ग्लॉसी आहे, रंग पाहा!" बाजूचा मॅट, म्हणजे बिनचमकीच्या पडद्याचा, त्याच्यापुढं फिका दिसे. श्वेता भाळली.

मी म्हणलं, "बापू, दोन्ही बाहेर उन्हात आण."

"काहून? हे काय लुगडं आहे?"

"लुगडंच काय, कापूसही आमी दिव्याखाली पाहत नाही."

गिऱ्हाईकं हसली. श्वेता कुजबुजली, "आजी, चाल ना वं, लाज वाटते."

"वाटू दे. हा आणत नसंल तर दुसरं दुकान पाहू."

तवा आणले त्यानं पायरीवर. चमकणाऱ्यात अक्षर दिसेना, माहं थोबाड आन् वरची विजेची तार तेवढी दिसे. मॅटवर श्वेतानं अख्खं पान घडाघडा वाचलं. मग तिनंच चमकणारा मिटवला.

दुकानदार म्हणे, "पण पिक्चर पाहाले ग्लॉसीच भारी."

"पिक्चर तू पाय. हिले नर्स व्हाचं आहे."

मॅट घेऊन आलो.

मी चौथी शिकली, पण वस्तू जिथं वापराची तिथंच पारखते. दुकानातल्या दिव्याले भुलून तुमी काय काय घरी आणलं? खरं सांगजा.