आधी जीभ दाखीव

सोनकांबळे मॅडमच्या टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येकाला पहिला हुकूम मिळायचा, "आधी जीभ दाखीव." समोरचा माणूस कोर्टाच्या आदेशाची प्रत घेऊन, चेहऱ्यावर जमेल तेवढा पश्चात्ताप आणून उभा असायचा. वकिलानं त्याला मान खाली घालून बोलायला शिकवलेलं असायचं. जिभेबद्दल काही सांगितलेलं नसायचं. तो बावचळून कोपऱ्यात टाइप करत बसलेल्या माझ्याकडं बघायचा. मी मान हलवायचो. दाखव बाबा, इथं सुटका नाही.

आमचं ऑफिस परभणीत होतं आणि काम परिवीक्षेचं. पहिलाच गुन्हा असेल, फार मोठा नसेल, तर कोर्ट कधीकधी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडतं. ठरलेल्या मुदतीत तो दर महिन्याला हजेरी देतो आणि परिवीक्षा अधिकारी त्याच्यावर देखरेख ठेवतो. नीट वागला तर सुटला, पुन्हा राडा केला तर आत. देखरेख म्हणजे सही घ्यायची, दोन उपदेश करायचे आणि अहवाल पाठवायचा, अशी माझी समजूत होती. मॅडमच्या लेखी देखरेख पोटापासून सुरू व्हायची.

"जेवलास का? काय जेवलास? झोप लागती का? सकाळी पोट साफ होतं का?" हे सगळं झाल्यावर मग, "हां, आता सांग, कुणाचं डोकं फोडलंस?" एकदा एका जाणत्या वकिलानं त्यांना टोकलं, "मॅडम, आधी गुन्ह्याचं विचारावं." त्या म्हणाल्या, "गुन्हा कुठं पळून जात न्हाई, वकीलसाहेब. तो कागदावर हाय. पोट कागदावर न्हाई." आणि वकिलांचा पिवळा पडलेला डोळा बघून त्यांनाच रक्त तपासायला पाठवलं. वकील रागारागानं गेले आणि कावीळ निघाली. त्यानंतर ते आमच्या दारावरून जाताना तोंड मिटून जायचे.

त्यांच्या पिशवीत रक्तदाब बघायचं यंत्र कायम असायचं. दंडाला पट्टा बांधून, फुगा दाबत दाबत त्या गप्पा मारायच्या, आणि फुग्याच्या दाबाखाली माणूस जेवढं खरं बोलायचा तेवढं पोलिसांपुढंही बोलत नसावा. त्यातून मीही सुटलो नाही. मला भज्यांची आवड आणि पित्ताचा त्रास. रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी माझी जीभ बघितली आणि म्हणाल्या, "तुमी तर जन्मठेपेतले दिसायलात." माझी भजी बंद झाली. चोरून खाल्ली तरी त्यांना वासावरून कळायचं. सरकारी नोकरीत इतका जाच मी पुन्हा कधी सोसला नाही आणि पित्तही पुन्हा कधी इतकं काबूत राहिलं नाही.

अशा ह्या बाईंपुढं एक दिवस ग्यानबा आला. झरीच्या पलीकडचं त्याचं गाव. दारातून आत येताना वाकावं लागेल असा धिप्पाड गडी. त्यानं चुलतभाऊ सोपानच्या डोक्यात काठी घातली होती. कागदावर कारण नेहमीचंच, शेताचा बांध. नावं ठेवताना घरच्यांनी संतांची आठवण ठेवली होती, भांडताना पोरांनी ती ठेवली नाही. सोपानच्या कपाळावर टाके पडले, ग्यानबाला शिक्षेऐवजी दोन वर्षांची परिवीक्षा मिळाली.

पहिले काही महिने तो यायचा, गुरगुरायचा आणि जायचा. जीभ अर्धीच दाखवायचा. येताना एसटीच्या कंडक्टरशी भांडायचा, जाताना आमच्या शिपायाशी. मग गावाहून खबर आली की ग्यानबा पुन्हा काठी घेऊन बांधावर धावला, पोलीस पाटलानं मध्ये पडून आवरला. कोर्टानं आमच्याकडं अहवाल मागितला. आता गोष्ट सरळ होती. मॅडमनी 'वागणूक ठीक नाही' असं लिहिलं की ग्यानबा आत.

मी कागद चढवून तयार बसलो. मॅडमनी ग्यानबाला समोर बसवलं. "आज पुरतं तोंड उघड. आ कर." त्यानं आ केला आणि मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या. खालची दाढ काळी ठिक्कर आणि भोवती नुसती सूज.

"कवापासून हाय हे?"

"लय दिवसापासून. लवंग धरतो, तंबाखू दाबतो. रातचं डोळ्याला डोळा लागत न्हाई."

"अन् पहिल्यांदा काठी कामून उचलली? खरं सांग. बांधाचं मला म्हाइत हाय."

ग्यानबानं गालावर तळहात दाबला. मग म्हणाला, "बांध तर आज्याच्या वक्तापासून हाय, मॅडम. त्या दिवशी माही दाढ ठणकायली, अन् हा माह्यासमोर उभा राहून ऊस खायलाय. दातानं सोलून. काडकाड, काडकाड. मला ऱ्हावलंच न्हाई."

पोलिसांचा तपास, वकिलांचे युक्तिवाद, साक्षी, पुरावे, ह्या सगळ्यांतून ऊस निसटला होता. परवाची भानगडही तशीच. सोपान पुन्हा काहीतरी चावत होता.

"उद्याच दाढ काढायची," मॅडम म्हणाल्या. मघापासून खुर्चीत न मावणारा गडी एकदम मावायला लागला. "मॅडम, त्याच्यापेक्षा जेल परवडली. तिथं सुई तर न्हाई टोचत."

दुसऱ्या दिवशी तो सरकारी दवाखान्याच्या रांगेतून पळाला. पुढच्या हजेरीला आलाच नाही. अहवालाची तारीख तर तोंडावर आलेली. मी म्हणालो, "मॅडम, लिहून टाकू या. पळाला तो पळाला." त्या माझ्यावर अशा खेकसल्या की शिपाई पाणी घेऊन आला. "दाढेपायी माणूस तुरुंगात घालू व्हय? त्याची बायको सासूला अन् गुरांना एकलीच बघायली. एक दात वाचवायसाठी घर बुडवायचं?" आणि त्या तडक एसटीनं त्याच्या गावाला गेल्या.

ग्यानबा कडब्याच्या गंजीमागं सापडला. मॅडमनी त्याचं मनगट धरलं, ते दवाखान्यात खुर्चीवर बसवेपर्यंत सोडलं नाही. एवढा मोठा गडी आणि मॅडम त्याच्या कोपरापर्यंत. एसटीत लोक उठून जागा देत होते, ती कुणाला ते कळत नव्हतं. निघताना मॅडमनी एकच चूक केली. शेजारणीला घाईत सांगितलं, "ग्यानबाला दवाखान्यात न्यायलेय, तेवढं त्याच्या घरी सांगा."

आमच्याकडं भावकीचा एक नियम आहे. बोलचाल बंद असो, बांधावर रक्त सांडलेलं असो, लग्नाला बोलावणं लागतं, दुःखाला लागत नाही. दवाखान्याचं नाव कानावर आलं की भांडण खुंटीला टांगून निघायचं. त्यात ग्यानबाला सरकारी बाईनं हाताला धरून, तोही मुकाट्यानं, नेलेला गावानं डोळ्यांनी बघितला होता. ग्यानबा मुकाट्यानं जातोय म्हणजे आता काही खरं नाही, हा निष्कर्ष गावानं काढला. त्यात चूक काढता येणार नाही.

तिकडं दवाखान्यात मीही पोचलो होतो, ग्यानबा खुर्चीत आ करून बसला होता आणि दाताचे डॉक्टर सुई भरत होते, इतक्यात फाटकाशी टेम्पो थांबला. भरगच्च भावकी. बायकांनी फाटकापासूनच गळा काढला. "आरं माह्या ग्यानबा रं!" सगळ्यांत पुढं सोपान, कपाळावर टाक्यांची खूण, डोळ्यांत पाणी, पायात चप्पल नाही. ग्यानबानं स्वतःच्या नावाचा आक्रोश ऐकला आणि दचकून उठून दारात आला. तो उभा बघून त्याची चुलती अजूनच मोठ्यानं ओरडली.

"कुटं लागलं, दादा? काय झालं?" सोपाननं त्याचे खांदे धरले.

उत्तर मॅडमनी दिलं. "दाढ काढायचीय."

मग सोपान उसळला, "दाढ? आरं, तिकडं मोटार चालू टाकून आलो! अख्ख्या रानात पाणी झालं आसंल! दाढ?" ग्यानबाच्याही मुठी वळल्या. मी मनात म्हटलं, संपलं, आता इथंच दुसरा गुन्हा. मॅडम दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्या कुणालाच दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होत्या. "सोपान, आलाच हायेस तर डोकं धर त्याचं. दोन शिपायाला आवरायचा न्हाई हा."

आणि सोपाननं धरलं. ज्यानं आपलं डोकं फोडलं त्याचं डोकं बगलेत घट्ट दाबून तो भिंतीकडं बघत उभा राहिला, कारण सुई त्यालाही बघवत नव्हती. दारात भावकीची गर्दी. "हलू नको रं." "डॉक्टर, दुसरी बी बघा, तीबी किडकी हाय." "माह्या सासऱ्याची अशीच होती, गेले त्यातच." ग्यानबानं सोपानचा सदरा मुठीत असा धरला की शेवटी दाढ आणि सदऱ्याचा खिसा एकदमच निघाले.

दाढ कागदावर ठेवून सगळ्यांना दाखवण्यात आली. मग तोंडात कापूस धरून ग्यानबा बाहेर लिंबाच्या पारावर बसला. शेजारी सोपान. ग्यानबाला बोलता येत नव्हतं, म्हणून सोपान बोलला. बांधाचं, आज्याचं, टाक्यांचं, सगळं बोलला. त्या भावकीतला हा पहिलाच संवाद ज्यात दुसऱ्या बाजूला गप्प राहावं लागलं, म्हणून तो शेवटपर्यंत गेला. ग्यानबा नुसता मान हलवत होता आणि डोळे पुसत होता. दुखण्यानं असेल.

अहवालात मॅडमनी लिहायला सांगितलं, "दाढ काढल्यापासून वागणुकीत सुधारणा." मी म्हटलं, हे कोर्टात कसं दिसेल? "जसं हाय तसं दिसंल," त्या म्हणाल्या. कोर्टानं वाचून वर बघितलं, सोपानला विचारलं. सोपान हात जोडून म्हणाला, "झोपायलाय आता तो, साहेब. माजीबी काई तक्रार न्हाई. फक्त मी त्याच्यासमोर ऊस खात न्हाई." ग्यानबाची परिवीक्षा कायम राहिली आणि मुदत सुखरूप पार पडली.

ह्या प्रकरणाची कीर्ती झरीकडं अशी पसरली की एक दिवस एक म्हातारी काठी टेकत ऑफिसात आली. गुडघे दुखतात, मलाबी ह्या योजनेत घ्या म्हणाली. मी समजावलं, "आजी, ह्याला आधी गुन्हा करावा लागतो." म्हातारीनं काठी सावरून विचारलं, "कुणाला हाणू सांग." मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. मग म्हातारीला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या.

सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या बाईनं स्वतःच्या दंडाला तो कधी बांधला नाही. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुमचंही बघू." तर म्हणाल्या, "मला काय धाड भरली?" मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. निवृत्त होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, एका सकाळी चहा ठेवता ठेवता त्या गेल्या. मी कळल्याबरोबर धावलो. त्यांच्या घरासमोर वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, आत त्रिसरण-पंचशील चालू होतं. मी दारापाशी उभा राहिलो आणि बाईंचा इतका राग आला की रडूच आलं.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर टेम्पो थांबला. तोच. मी कुणालाही फोन केला नव्हता. पुढं ग्यानबा आणि सोपान, मागं चुलती, बायका, कमरेत वाकलेल्या त्या गुडघेदुखीच्या आजीसुद्धा. ह्यावेळी कुणी गळा काढला नाही. फाटकाशी चपला काढून सगळे मुकाट्यानं उभे राहिले.

मॅडमचे थोरले भाऊ नांदेडहून आले होते. त्यांनी ह्या अनोळखी शेतकरी मंडळींकडं बघितलं आणि पुढं होऊन हळू विचारलं, "आपण कोण? मी ओळखलं नाही."

ग्यानबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "भावकी."

भावानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "बरोबर आहे. त्यांना आत बसू द्या."