चावी माझ्याकडे होती

सकाळी सातच्या सुमारास मी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला : ‘काही अपरिहार्य कारणास्तव पिकलबॉल कोर्टचे लोकार्पण पुढे ढकलण्यात आले आहे. सर्वांनी नोंद घ्यावी. – सचिव.’ ही चौथी खेप होती, त्यामुळे मजकूर नव्याने लिहावाही लागला नाही, जुनाच पुढे ढकलला. चहा घेऊन बसतो तोच त्याच्याखाली शेजारच्यांचा संदेश आला. सुभेदार आनंदराव पहाटे झोपेतच गेले… मग जोडलेल्या हातांची रांग सुरू झाली. त्यातले पहिले हात माझ्या संदेशाला होते की त्याच्या जाण्याला, हे मला अजून कळलेलं नाही.

लोक त्याला सुभेदार म्हणत, माझ्यासाठी तो आनंदा. मेढ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. तो फौजेत गेला आणि मी पाटबंधारे खात्यात चिकटलो, ते हेडक्लार्क होऊनच बाहेर पडलो. निवृत्तीनंतर दोघांनी साताऱ्यात एकाच कॉलनीत घरं बांधली. त्याचा गुडघा सीमेवर कामातून गेला होता, माझी पाठ खुर्चीवर. संध्याकाळी कट्ट्यावर बसून दुखण्यांची तुलना करायची, एवढाच आमचा खेळ होता.

मग तो महिनाभर मुलीकडे पुण्याला राहून आला आणि बदलूनच आला. तिच्या सोसायटीत पिकलबॉल खेळायचे. बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा, कमरेएवढी जाळी, भोकं पाडलेला प्लास्टिकचा चेंडू आणि टेबल टेनिसपेक्षा मोठी बॅट. धावपळ कमी, त्यामुळे गुडघाही तक्रार करत नव्हता. मला कट्ट्यावर उभं राहून त्याने हात फिरवून दाखवला. “लय ग्वाड खेळ हाय गड्या. म्हाताऱ्यांनी आन् पोरांनी बरूबर खेळावा असा.” पण तिथे विसाव्या दिवशी कुणीतरी त्याला फ्लॅटचा नंबर विचारला होता. पाहुण्यांना कोर्ट नाही, असा नियम होता. इतकी वर्षं देशाच्या वेशीवर उभा राहिलेला माणूस बॅट काखेत मारून परत फिरला. “मला अशी जागा पायजे वसंता, जिथं कोण इचारणार न्हाई, तू कुणाचा म्हणून,” एवढंच तो म्हणाला. त्याला एवढंच हवं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे आम्ही सगळ्यांनी मिळून ते अवघड केलं.

साताऱ्यात त्याने शोध सुरू केला, तोही फौजी पद्धतीने, वहीत नकाशा काढून. एका हॉलमध्ये बॅडमिंटनवाल्यांनी त्याला दारातूनच कटवला. एका मैदानात लग्नाचा मांडव होता, तो निघाला तेव्हा दुसरा पडला. एका बागेत त्याने चुन्याने रेघा मारल्या, दुसऱ्या दिवशी त्यांवर चारचाकी उभ्या होत्या, त्याही रेघांच्या आत, अगदी शिस्तीत. फोनच्या नकाशात सांगलीला ‘सार्वजनिक पिकलबॉल कोर्ट’ असा ठिपका दिसला, तेव्हा तो मला घेऊन एसटीत बसला. कराडला उतरून आम्ही वडे खाल्ले. सांगलीत रिक्षावाल्याला खेळाचं नाव तीनदा सांगावं लागलं. ठिपक्यावर पोचलो तर कोर्ट खरंच होतं, निळं, देखणं, आणि फाटकावर वॉचमन. “मेंबर हाय का तुमी?” त्याने विचारलं. आनंदा म्हणाला, “न्हाई, सातारचं हाय.” वॉचमन हसला, मीही हसलो. आनंदा हसला नाही. परतीच्या गाडीत कराड सुटल्यावर तो म्हणाला, “आपल्यातच करून घ्यू की. तू अर्ज लिव्ह.”

अर्ज लिहिणं हे माझं काम. विषय, संदर्भ, महोदय… मी असा काही मसुदा केला की वाचणाऱ्याला वाटावं, कोर्टावाचून वॉर्ड अडला आहे. आनंदाने सह्या गोळा केल्या, नगरपालिकेत चकरा मारल्या, बाकड्यांवर बसून राहिला. दीड वर्षाने कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर कोर्ट झालं. हिरवा पृष्ठभाग, पांढऱ्या रेघा, भोवती तारेची जाळी आणि फाटक. फाटकाशी कोनशिला बसली, तिच्यावर कापड टाकलं. मी कॉलनीचा सचिव, म्हणून कुलपाची चावी माझ्याकडे आली.

आणि मग लोकार्पणासाठी आमदारसाहेबांची तारीख मिळेना.

आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बोअरला पाणी लागलं तरी नळ साहेबांनीच सोडायचा. यात गैर काही आहे, असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. उलट मान राखावा, पुढच्या कामाला उपयोगी पडतं, हे मीच बैठकीत सगळ्यांना समजावलं होतं. एकदा साहेब मुंबईत अडकले, एकदा त्यांच्याकडे सुतक आलं, एकदा नुसतंच ‘कळवतो’ आलं. कोर्टावर पानं पडत होती. मी सकाळी आतून झाडून घेत होतो आणि पुन्हा कुलूप लावत होतो.

आनंदा रोज साडेपाचला कापडी पिशवीत बॅट घालून यायचा आणि तारेला बोटं अडकवून उभा राहायचा. “नेट झ्याक ताणलंय बघ,” म्हणायचा. एका संध्याकाळी रस्त्यावर कुणी नव्हतं, तेव्हा तो माझ्याकडे न बघता बोलला.

“वसंता, कुलूप काढ की रं. अर्धाच तास. तू त्या बाजूला, मी ह्या.”

“कुणी फोटो काढला तर? साहेबांच्या आधी कोण उतरलं, असं व्हायला नको.”

“मीच तर मागितलं हुतं ते.”

“म्हणून तर. तूच नियम मोडलास असं होईल.”

त्याने तारेतली बोटं सोडवून घेतली. मग म्हणाला, “व्हय, तेबी खरं हाय.” माणूस फौजेतला. नियम म्हटलं की त्याचं पाऊल थबकायचं, हे मला चांगलं माहीत होतं आणि मी तेच वापरलं. चावी तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. घराच्या मागच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारायचा, टक टक आवाज माझ्या ओसरीपर्यंत यायचा. दोन महिन्यांनी तोही थांबला.

शोकसभा कुठे घ्यायची, असा प्रश्न आला. कॉलनीचा हॉल लहान. कुणीतरी म्हणालं, कोर्टावर घेऊ, सुभेदारांनीच तर करून घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी साहेबांच्या कार्यालयात फोन केला, तिकडून उत्तर आलं, “घ्या की, त्यात काय विचारायचं?” मग मी कुलूप काढलं. दहा सेकंदही लागले नाहीत. पाठीमागून मांडववाल्याचा टेम्पो आला, खेळाची जाळी गुंडाळून बाजूला ठेवली गेली आणि हिरव्या पृष्ठभागावर खुर्च्या लागल्या. ज्या बाजूला त्याने उभं राहायचं ठरवलं होतं, तिथे हार घातलेला त्याचा फोटो होता. साहेब आले नाहीत, शोकसंदेश आला. तो मीच वाचून दाखवला, स्पष्ट उच्चारांत, सवयीप्रमाणे. त्याची बायको, सुमनवहिनी, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. निघताना माझ्यासमोर थांबून त्या म्हणाल्या, “आवं भावजी, आज कसं काय उघडलं?” रागाने नाही, सहज विचारलं. खुर्च्या उचलल्या तेव्हा कोर्टावर त्यांच्या पायांचे ओरखडे राहिले होते, आणि मी माझ्याच हाताने फाटकाला पुन्हा कुलूप घातलं. त्या क्षणाइतका मला माझा राग कधी आला नाही.

दहाव्यानंतर वहिनींनी ती कापडी पिशवी पाठवली. मला वाटत होतं, तो एकच बॅट घेऊन यायचा. आत दोन होत्या. एकीची मूठ घामाने काळी पडलेली, दुसरी कोरी, प्लास्टिकमध्ये. प्लास्टिकवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं, ‘वसंत’. म्हणजे तो रोज माझीही बॅट घेऊन तारेपाशी उभा राहायचा, आणि मी रोज त्याला साहेबांची खबर सांगायचो.

आता मी कुलूपच काढून टाकलं आहे. कोनशिलेवरचं कापड तसंच आहे. संध्याकाळी कॉलनीतले लोक खेळतात, बाहेरचेही येतात, तू कुणाचा असं कुणी विचारत नाही. साहेबांच्या कार्यालयातून फोन नाही, नोटीस नाही, कुणी साधं नावही काढलेलं नाही. इतकं सोपं होतं ते. मला दोघेतिघे खेळायला बोलावतात, मी पाठीचं कारण सांगतो. साडेपाचला पिशवी घेऊन जातो, फाटक सताड उघडं असतं, आणि मी बाहेर, तो उभा राहायचा त्या जागी, तारेला बोटं अडकवून उभा राहतो.