अडखळायची जागा

सकाळी समोरच्या गॅलरीत काकू कपडे वाळत घालताना गुणगुणत होत्या. कान दिला, तर माझ्याच गिटारवरची धून! कार्यक्रमासाठी जी रचना मी किती दिवस घासतोय, तीच. सूर वर चढला आणि जिथे माझी करंगळी हमखास उशिरा पोचते, नेमक्या तिथेच काकू थांबल्या. कपड्याला चिमटा लावला आणि थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. अगदी माझ्यासारखी.

मी गिटार मांडीवर घेतली. या रचनेवर कधीकाळी जीव जडला होता म्हणून ती वाजवायला घेतली. आता तिच्यातलं मला काही ऐकूच येत नाही, फक्त ती जागा येते. तिच्याआधी धास्ती, तिच्यानंतर सुटल्यासारखं वाटणं. काकूंना मात्र ते अडखळणं चालीतलंच वाटत होतं, घरातल्या माणसाचं तोतरं बोलणं घरच्यांना खटकत नाही तसं.

संध्याकाळी एकदाची ती रचना न अडखळता पार पडली. मी हात तारांवरून उचलतोय, तोच समोरून काकूंचा आवाज आला.

"आज काय बिनसलं रे? मधलं काहीतरी गाळलंस."