शेळीची भाजी

आमच्या गावच्या शाळेत बाईंनी दर बुधवारी मुलांना गावच्या शेतातलं काहीतरी खायला द्यायचं ठरवलं. मला पाथरी आणायला सांगितली. ही पालेभाजी ज्वारीच्या रानात आपोआप उगवते आणि भाकरीबरोबर कच्चीच खातात. मी हो म्हणाले ते नातीसाठी. ती तिथेच तिसरीत आहे. घरी भाकरी बघून तोंड फिरवते आणि मंद्रूपच्या बाजारातून आणलेल्या चिप्सच्या पुड्यांवर जगते.

बुधवारी मी पाथरी, भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन शाळेत गेले. बाईंनी आधी पाथरीतलं लोह आणि जीवनसत्त्वं समजावली. मुलं पाल्याकडे नुसती बघत बसली. एक मुलगी म्हणाली, "आज्जी, ही तर आमची शेळी खाती."

"मग शेळी तुज्यापेक्षा शानी हाय," मी म्हणाले.

सगळी हसली, पण हात कुणी लावला नाही. नात तर मला ओळखतच नसल्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला भूक लागली होती. मी खाली बसले, भाकरीवर शेंगाचटणी घेतली आणि पाथरीबरोबर खायला लागले.

ती शेळीवाली मुलगी जवळ सरकली. "आज्जी, मला दे की."

मी घास केला, तोच नात उठून मध्ये आली. "माजी आज्जी हाय ती. आदी मला."

तिने घास खाल्ला. कडू लागल्याचं तोंडावर दिसत होतं, पण त्या मुलीच्या देखत थुंकायची सोय नव्हती. तिने दुसरा घासही मागितला.

"आवडली वाटतं," बाई म्हणाल्या.

"आवडली न्हाय," मी म्हणाले. "पोटात गेली."