खांदा हा आपला विषय नाही

माणूस म्हणजे तोंडापासून खाली गेलेली एक लांबलचक नळी असून हात, पाय, डोकं, मन वगैरे बाकीचे भाग ही नळी इकडून तिकडे वाहून नेण्यासाठी दिलेले आहेत, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे. मोहोळ तालुक्यातल्या शाळांतून त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं अशी सरकारदरबारी नोंद असली, तरी खरं म्हणजे त्यांनी फक्त पचनसंस्था शिकवली. प्रकाशाचं परावर्तन, लोहचुंबक, परागीभवन हे धडे 'घरी वाचून घ्या' एवढ्यावर संपायचे आणि जून महिन्यात मुलांच्या तोंडात गेलेला घास दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जेमतेम लहान आतड्यात पोचायचा. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं चुंबकाचे ध्रुव सांगताना अडखळतात, पण स्वादुपिंड कुठं असतं विचारलं तर झोपेतसुद्धा बरोबर जागेवर बोट ठेवतात. निवृत्त झाल्यावर मामा जुळे सोलापुरात राहायला आले आणि वर्ग सुटल्यामुळे कोंडलेली सगळी विद्या नातेवाइकांवर मोकळी सुटली.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो लग्नाआधीच. मुलगी बघायला गेलो होतो. मुलीकडच्या मंडळींनी पगार, शेती, घर स्वतःचं की भाड्याचं असे रीतीचे प्रश्न विचारले. मामा कोपऱ्यात गप्प बसून माझ्याकडे, म्हणजे माझ्या पोटाकडे, बघत होते. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि भरल्या बैठकीत विचारलं, "सकाळी एकदा की दोनदा?" मला वाटलं चहाचं विचारतायत, म्हणून मी विनयानं "एकदाच" म्हणालो. मामांनी समाधानानं मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "मुलगा नियमित आहे." माझी नोकरी तेव्हा कंत्राटी होती, पण त्यानंतर तिचा विषय कुणी काढला नाही. आजही मामांचा फोन आला की आधी पोट, मग पोटाच्या खालचं, आणि वेळ उरलाच तर मुलांचा अभ्यास, असाच क्रम असतो. कुणाच्या मयतीला गेले तरी गेलेल्या माणसाला बद्धकोष्ठ होतं का, याची चौकशी करून मगच ते डोळे पुसतात.

त्यांच्या पंगतीला बसणं ही तर शिक्षाच. थंडीत त्यांच्या गावाकडच्या शेतावर आम्ही सगळे हुरडा खायला जातो. आगटीतून निघालेली गरम कणसं, शेंगाचटणी, गूळ, दही असा सगळा थाट असतो, आणि पहिली मूठ तोंडात पडली की मामांचं धावतं समालोचन सुरू होतं. "चावा, लाळ मिसळू द्या. आता गेला अन्ननलिकेत. आता लाट आली, ढकललं बघा खाली. आता जठरात घुसळण." एकदा माझे साडू दुसरी मूठ तोंडाशी नेत असताना मामा म्हणाले, "थांबा, तुमचं पहिलं अजून आम्लात भिजतंय." साडूंचा हात तिथंच थांबला. हुरडा चोळून देणारा वाटेकरी शेवटी कळवळून म्हणाला, "मास्तर, गिळू द्या की ओ त्यास्नी. लांबनं आल्यात." साडू तेव्हापासून हुरड्याच्या दिवसांत कामात असतात.

पण मामांचं खरं वैभव म्हणजे त्यांचं आतडं. शाळेतला तक्ता फाटला तेव्हा त्यांनी ठरवलं की मुलांना खऱ्या लांबीचं आतडं हाताळायला मिळालं पाहिजे. अक्कलकोट रोडला त्यांच्या ओळखीचा एक यंत्रमागवाला होता. त्याच्याकडून त्यांनी टॉवेलच्या कापडाची सलग बावीस फुटी पट्टी विणून घेतली. मागावर चढलेली नक्षी एवढ्याशासाठी उतरवणं त्या बिचाऱ्याला परवडेना, त्यामुळे मामांच्या लहान आतड्याला दोन्ही कडांनी मोर आहेत. अन्ननलिकेला सायकलची ट्यूब, जठराला गरम पाण्याची रबरी पिशवी, यकृताला तपकिरी उशी. हे सगळं टाके घालून जोडलं मामीनं, उशीत कापूस भरला मामीनं, दर उन्हाळ्यात ते आतडं धुऊन गच्चीवर वाळत घातलं तेही मामीनंच. एकदा घरी पाहुणे असताना मामांनी ते दिवाणखान्यातून फाटकापर्यंत पसरलं आणि धरायला माणूस कमी पडला म्हणून दारात आलेल्या दूधवाल्याच्या हातात शेवटचं टोक दिलं. तो बराच वेळ ते भक्तिभावानं धरून उभा होता. आपल्या हातात काय आहे हे त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

या सगळ्यात मामी कुठं असायची, असं कुणी मला विचारलं असतं तर मी 'आत' म्हणालो असतो. मामी आतच असायची. तव्यावरची भाकरी गरम असतानाच ताटात पडली पाहिजे, नाहीतर लाळेला उत्साह येत नाही, हा मामांचा सिद्धांत. त्यामुळे आम्ही खायचो तोवर मामी भाकरी थापत बसायची, आणि सगळ्यांची ताटं उचलली गेल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, जे उरलं असेल ते खायची. त्या पिढीतल्या पुष्कळ बायका अशाच जेवतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मामांनाही वाटलं नाही. तोपर्यंत ते बाहेर खुर्चीत डाव्या कुशीवर रेलून आम्हाला जठराचा आकार समजावत असायचे. गल्लीतला कुठला माणूस कधी, किती आणि कसा जातो हे या गृहस्थांना पाठ होतं. आपली बायको काय खाते हे मात्र त्यांनी बघितलेलं नव्हतं, कारण बघायला ती कधी समोर जेवलीच नव्हती.

गेल्या वर्षी त्यांच्याकडे पुरणपोळीचं जेवण होतं. जेवणानंतर मामा मला तुपाचं माहात्म्य सांगत बसले. "तूप पचवतं कोण, जावईबापू? पित्त. यकृत ते तयार करतं, आणि साठवून कोण ठेवतं?" मी आज्ञाधारकपणे "पित्ताशय" म्हणालो, तेवढ्यात पाणी आणायला आत गेलेल्या माझ्या बायकोची हाक आली. मामी ओट्याला धरून खाली बसली होती. उजवी बरगडी दाबून धरली होती, अंगात ताप होता, डोळे पिवळट दिसत होते आणि तिच्या ताटातला भात तसाच होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मामांनी आपण पचनसंस्थेवर व्याख्यानं देतो हे सांगून टाकलं, म्हणून त्यांनी मोकळेपणानं मामांनाच विचारायला सुरुवात केली. दुखणं जेवणाआधी की नंतर? तेलकट खाल्ल्यावर वाढतं का? भूक कशी आहे? वजन उतरलंय का? शौचाला रोज होतं का? जन्मभर हेच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलेले मामा एकेका प्रश्नागणिक मामीकडे बघत होते. शेवटी खाटेवरून मामीच म्हणाली, "त्यास्नी काय इच्यारताय बाई, मला इच्यारा की. त्याल-तूप खाल्लं की कळ येतीया. म्हनून सोडलंय समदं. दिवाळीपास्नं ताक-भातावर हाय."

"मला बोलली का नाहीस?" मामा म्हणाले.

"बोलले की. उजवा खांदा लई दुकतोय म्हनलं. तुमी म्हनलासा, खांदा हा आपला विषय न्हाय, बाम लाव."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घालून लिहिता लिहिता हळूच सांगितलं, "सर, पित्ताशयाचं दुखणं बऱ्याचदा खांद्यात जातं."

"माहिताय," मामा म्हणाले. "मी शिकवतो ते."

पित्ताशय खड्यांनी भरलं होतं आणि आत पू झाला होता. वय, त्यात साखर, त्यामुळे आधी तापावर औषधं देऊन मग शस्त्रक्रिया करायचं ठरलं, आणि तोवर डॉक्टर कसलीच खात्री देईनात. मामा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेजारी अक्कलकोटकडचे एक गृहस्थ होते, त्यांना बिचाऱ्यांना गॅसचा त्रास. कुणीतरी मामांची ओळख करून दिल्यावर त्यांनी मोठ्या आशेनं उपाय विचारला. मामा म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." इतकी वर्षं मी या माणसाची टर उडवत आलो, पण ते वाक्य मला ऐकवेना. त्यांनी पुन्हा बोलायला लागावं, हवं तर माझ्याच आतड्यावर तासभर बोलावं, असं मला मनापासून वाटलं.

मामी वाचली. घरी आल्यावर मामांनी फर्मान काढलं की यापुढं तिनं टेबलावर, आपल्या समोर जेवायचं. मामीनं निमूटपणे खुर्ची ओढली, ताट पुढ्यात घेतलं आणि घास हातात धरून बसून राहिली. मामा बघत होते. घास काही वर जाईना. "तुमी बगत बसलासा तर उतरत न्हाय ओ," ती रडवेली होऊन म्हणाली. मामा उठून बाहेर गेले, तर तिनं दोन घास खाऊन ताट सारलं. त्यांनी रागावून बघितलं, समजावून बघितलं, माझ्या बायकोला मध्ये घालून बघितलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय फर्मानानं जाते?

परवा मी दुपारी त्यांच्याकडे गेलो तर दिवाणखान्यात कुणी नव्हतं. आत डोकावलो. स्वयंपाकघरात मामी तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मामा तिच्या मागं, गुडघे दुखत असूनही खाली फरशीवर, समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. दोघांची पाठ एकमेकांना लागली होती. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. डोळे मिटून ते ऐकत होते. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज, मग चावण्याचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा तुकडा मोडल्याचा. मी दारातच उभा राहिलो. मला हसू आलं नाही, आणि रडू आलं हे लिहायला मला लाजही वाटत नाही.

ताट सरकवल्याचा आवाज आला तेव्हा मामांनी डोळे उघडले आणि भिंतीलाच विचारलं, "झालं का गं?"

"व्हय, झालं," मामी म्हणाली. "पन बसा की जरा तसंच."